चाकांवर बिऱ्हाड थाटताय? आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर द्या

एक रील येते. बर्फाच्या डोंगरासमोर उभी व्हॅन, मागचं दार उघडं, आत पांढरीशुभ्र गादी, छोट्या शेगडीवर कॉफी उकळतेय आणि पाय हलवत बसलेलं जोडपं. ती रील फॅमिली ग्रुपवर पडते आणि पाच मिनिटांत चर्चा पेटते. दादा म्हणतो, सेकंडहँड ट्रॅव्हलर बघू या. ताई म्हणते, नको, पिकअपवर केबिन बसवू. काका म्हणतात, त्यापेक्षा ट्रेलर घ्या, आपल्याच गाडीला जोडता येईल. मग आईचा मेसेज येतो : ‘आणि बाथरूमचं काय?’ त्यावर दोन हसऱ्या इमोजी येतात. उत्तर मात्र कुणीच देत नाही.

आमचं म्हणणं असं, की त्या अख्ख्या चर्चेतला सगळ्यात कामाचा मेसेज तोच होता.

कॅम्पर व्हॅनचं वेड आता आपल्याकडेही आलंय आणि ते वाईट नाही. आजी, आई-बाबा, कॉलेजातली पोरं आणि शाळकरी चुलत भावंडं असं सगळं घर एकत्र निघतं, हॉटेलच्या दोन खोल्यांत विभागलं जात नाही, जेवण आपल्या हातचं असतं, वाटेल तिथे चहा टाकता येतो. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. केरळनेही त्याच वर्षी आपली कॅरव्हॅन योजना आणली. म्हणजे विषय हवेतला राहिलेला नाही. घराघरांत ‘घ्यायची का?’ हा प्रश्न खरोखर विचारला जातोय, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या तरुणांकडूनच येतोय. म्हणून हा अग्रलेख त्यांच्यासाठी.

एक आठवण मात्र ठेवू या. चाकांवरचं बिऱ्हाड महाराष्ट्राला नवं नाही. दिवाळी सरली की बीडकडची हजारो कुटुंबं भांडीकुंडी, पोरंबाळं, शेळ्या-कोंबड्यांसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून उसाच्या फडाकडे निघतात. त्यांना कुणी ‘व्हॅन लाइफ’ म्हणत नाही. आपण जे हौसेनं करतो ते कुणाला तरी पोटासाठी करावं लागतं, एवढं भान ठेवलं तर रस्त्यात, गावात आणि पाणवठ्यावर आपण जरा नीट वागू. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा येऊच.

तीन पर्याय, तीन स्वभाव

पहिला पर्याय कॅम्पर व्हॅन. इंजिन आणि घर एकाच अंगात. आपल्याकडे बहुतेक वेळा फोर्स ट्रॅव्हलर, अर्बेनिया किंवा टाटा विंगर यांच्यावर बांधलेली. हिचा मोठा गुण म्हणजे चालकाच्या सीटवरून उठून थेट स्वयंपाकघरात जाता येतं. मुसळधार पावसात, रात्री अनोळखी जागी, आजीला बाथरूमला जायचं असताना या गोष्टीची किंमत कळते. दोष असा, की मुक्कामाला पोचल्यावर गाडी आणि घर वेगळं करता येत नाही. दूध आणायला गेलात तरी अख्खं घर सोबत. आणि उरलेल्या अकरा महिन्यांत सोसायटीत तिला जागा कुठे? मॉलच्या किंवा टॉवरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तर उंचीमुळे ती शिरतच नाही.

दुसरा पर्याय ट्रक कॅम्पर. पिकअपच्या हौद्यात बसणारी खोली. आता गंमत बघा, महाराष्ट्रात ‘कॅम्पर’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर बोलेरो कॅम्परच येते, मागे खताच्या गोणी आणि पुढे पाच माणसं. डबल केबिन पिकअपवर खोली बसवायची कल्पना म्हणूनच आपल्या रस्त्यांना फार परकी नाही. महिंद्रानेही २०२२ मध्ये याच गाडीवर आधारलेल्या कॅम्परची घोषणा केली होती. हिचा गुण म्हणजे मजबुती आणि जमिनीपासूनची उंची. फॉर्महाउसकडे जाणारा कच्चा रस्ता, लाल मातीचा चढ, खड्डे, यांना ती घाबरत नाही. परदेशात ही खोली पायांवर उभी करून खालून गाडी काढून घेतात. दोष दोन. पुढची केबिन आणि मागची खोली बहुतेक वेळा वेगळी असते, म्हणजे पावसात उतरूनच मागे जायचं. आणि खोली हौद्यावर असल्यामुळे वजन वर जातं. घाटातल्या वळणावर ते अंगाला जाणवतं.

तिसरा पर्याय ट्रेलर, म्हणजे ओढून न्यायचं घर. याला स्वतःचं इंजिन नाही, त्यामुळे देखभाल कमी. मुक्कामी सोडून ठेवा आणि गाडी घेऊन गाव फिरा. युरोप-अमेरिकेत कुटुंबं याला पसंती देतात ती याचसाठी. पण तिथले रस्ते डोळ्यांपुढे ठेवून इथे निर्णय घेऊ नका. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. हे शिकायला मोकळं मैदान आणि काही रविवार लागतात. आतल्या सामानाचं वजन मागच्या बाजूला जास्त झालं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. जड सामान धुरीच्या वर आणि थोडं पुढे हवं. घाटात समोरून एसटी आली आणि मागे घ्यायची वेळ आली, तर तुमच्यासकट मागच्या वीस गाड्यांचा जीव टांगणीला. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नाहीत, हे तर वेगळं सांगायलाच नको.

आमचं मत सरळ आहे. कोकण आणि सह्याद्री हेच तुमचं मुख्य मैदान असेल, तर ट्रेलर हा शेवटचा पर्याय. कोकणातल्या गावात शिरणारा रस्ता दोन्हीकडून चिऱ्याच्या गडग्यांनी आवळलेला असतो. वर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि लोंबणाऱ्या वायरी असतात. दिघी-आगरदांडा किंवा दाभोळ-धोपावे फेरीवर गाडी चढवताना लांबीचा अंदाज चुकून चालत नाही. पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो आणि मग मोठ्या गाडीला लांबचा वळसा पडतो. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे मोटारीच जात नाहीत. तेव्हा गाडीची लांबी, रुंदी आणि उंची एका चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवा. रेल्वेच्या बोगद्यापाशी पाटी बघून आठवायला बसू नका.

वजनाचा हिशेब वहीत मांडा

शोरूममध्ये ‘यात सहा जण आरामात’ असं सांगतात. त्यावर लगेच विचारा : सहा जण झोपतात की सहा जण बेल्ट लावून बसतात? हे दोन आकडे वेगळे असतात. बर्थ चारच्या जागी सहा करता येतात, पण बेल्टच्या सीट चारच असतील तर उरलेले दोघं प्रवासात कुठे बसणार? गाडी चालू असताना कॉटवर लोळत जाणं रीलमध्ये छान दिसतं. करकचून ब्रेक लागला की तोच माणूस पुढच्या कपाटावर आदळतो. मागच्या प्रवाशांनाही बेल्ट बंधनकारक आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे. दंड तर किरकोळ गोष्ट झाली.

मग वजन. प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते आणि ती आरसीवर लिहिलेली असते. बेड, ओटा, कपाटं, टाकी, बॅटरी, एसी बसवून झाल्यावर त्यातून किती किलो उरले, ते काट्यावर नेऊन मोजा. समजा ५५० किलो उरले. सरासरी ६५ किलोंची पाच माणसं, म्हणजे ३२५ किलो. माणशी दिवसाला १० लिटर, दोन दिवसांचं पाणी १०० लिटर, म्हणजे बरोबर १०० किलो. अंथरूण-पांघरूण, किराणा, भांडी, सिलिंडर, बॅगा, फोल्डिंग खुर्च्या धरून आणखी १०० किलो सहज. झाले ५२५. आता आत्याला सोबत घ्यायचं का, हा प्रश्न प्रेमाचा राहत नाही, ब्रेकचा होतो. मर्यादेपेक्षा जास्त भरलेली गाडी घाट उतरताना उशिरा थांबते. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर उतरायचं, नुसता ब्रेक दाबत राहायचं नाही, हे चालवणाऱ्या प्रत्येकाला आलंच पाहिजे.

विजेचंही तसंच. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॉट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर बॅटरी लवकर मरते. ३० वॉटचा पंखा रात्रभर चालला तर सुमारे २४० वॉट-तास. दिवे आणि पाच मोबाइल मिळून शंभर-सव्वाशे. छोटा १२ व्होल्टचा फ्रिज असेल तर दिवसाला पाचशेच्या आसपास. इथपर्यंत जमतं. पण एक टनाचा एसी रात्रभर चालवायचा म्हटलं तर चार-पाच हजार वॉट-तास लागतात. म्हणजे एक तर बॅटऱ्यांची रांग, नाहीतर जनरेटरची घरघर, नाहीतर कुणाच्या तरी प्लगला जोडणी. छतावरचं सोलर उन्हाळ्यात बरंच काम करतं. जुलैतल्या लोणावळ्याच्या ढगांत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणि इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून, काचा बंद करून झोपणं हा शुद्ध वेडेपणा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला कळतही नाही. शेगडी पेटवली की खिडकी उघडी हवी, आणि सिलिंडरला आतल्या खोलीत जागा नाही.

आता आईचा प्रश्न

प्रवासात पाणी न पिणाऱ्या बायका प्रत्येक घरात आहेत. घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप घेतात, कारण रस्त्यात ‘जायची’ सोय नसते. पेट्रोल पंपावरच्या टॉयलेटला कुलूप असतं किंवा ते आत पाऊल टाकवणार नाही असं असतं. मुलींनी सहा-सात तास कळ काढायची आणि मुलांनी झाडामागे जायचं, हे आपल्या ट्रिपांचं जुनं वास्तव आहे. कॅम्परवर पैसे खर्च करण्याचं कुठलं पटणारं कारण असेल तर ते हेच. आजी, पाळी आलेली बहीण, लहान मूल, मधुमेही बाबा, यांच्यासाठी गाडीतलं स्वच्छ टॉयलेट ही चैन नाही. टीव्ही, सनरूफ, रंगीत लाइट यांवरचा खर्च कापा. पण यावरचा नाही.

मात्र सोय आली की जबाबदारीही आली. छोट्या पोर्टेबल टॉयलेटची टाकी साधारण २० लिटरची असते. पाच जणांच्या घराला ती दोन दिवस पुरली तरी नशीब. ती कुठे रिकामी करणार? परदेशातल्या कॅम्पिंगच्या जागांवर यासाठी वेगळी व्यवस्था असते. आपल्याकडे ती शोधावी लागते. मुक्कामाच्या रिसॉर्टवाल्याला किंवा कृषी पर्यटन केंद्राला बुकिंगच्या वेळीच विचारा, ‘टाकी रिकामी करायला मिळेल का?’ नाही म्हणाले तर ती जागा तुमच्या उपयोगाची नाही. ओढ्यात, धरणाच्या काठाला, रस्त्याकडेच्या गटारात ओतणं म्हणजे खालच्या गावाच्या पिण्यात ओतणं. भांडी घासलेलं साबणाचं पाणीही यातच आलं.

आजीच्या बाबतीत आणखी एक साधी परीक्षा. गाडी बघायला जाताना तिला घरी ठेवू नका. पायरी चढता येते का, धरायला दांडी आहे का, बेडवरून रात्री एकटीला उठता येतं का, बाथरूमच्या दारातून वळता येतं का. तिला जमलं तर सगळ्यांना जमेल.

गॅरेजवाला ‘होऊन जाईल’ म्हणतो तेव्हा

ओळखीच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी नेऊन आतून कापाकापी करायची, हा तरुण मंडळींचा आवडता प्लॅन. इथे कायदा माहीत हवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी आरसी जुळणार नाही, असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. तेव्हा बांधणाऱ्याला पहिला प्रश्न हा, की या मानकाची मंजुरी आहे का आणि आरसीवर गाडीचा प्रकार काय लागणार. ‘बघू नंतर, होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर उठून या. अपघातानंतर विमा कंपनी कागद आणि गाडी समोरासमोर ठेवते, तेव्हा ‘होऊन जाईल’वाला फोन उचलत नाही.

परवान्याचा बाऊ मात्र नको. एकूण वजन ७५०० किलोंच्या आत असेल तर गाडी हलक्या वाहनात मोडते आणि नेहमीचा एलएमव्ही परवाना चालतो. पण परवाना चालतो म्हणजे हात बसला असं नव्हे. हॅचबॅक चालवणाऱ्याने ट्रॅव्हलर घेऊन पहिल्याच दिवशी आंबेनळी घाटात शिरू नये.

भाड्याने घेणार असाल तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. मित्राच्या मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेल टाका आणि थोडे पैसे द्या’ म्हणून मिळाली, तर ते भाडंच झालं आणि विम्याच्या अटींबाहेरही गेलं.

घ्यायची की भाड्याने आणायची?

हिशेब करू. समजा बांधून तयार गाडी २५ लाखांना पडली आणि दहा वर्षांनी ८ लाखांना विकली गेली. गेले १७ लाख. नोकरी, शाळा, परीक्षा, लग्नकार्य सांभाळून वर्षाला २० रात्री तुम्ही तिच्यात झोपलात, तर दहा वर्षांत २०० रात्री. एका रात्रीला साडेआठ हजार रुपये. यात डिझेल, विमा, कर, टायर, बॅटऱ्या, पार्किंगचं भाडं आणि कर्जाचं व्याज धरलेलंच नाही. तेवढ्यात अख्खं कुटुंब चांगल्या होमस्टेत राहून मासे खाऊन येईल. वर्षाला साठ-सत्तर रात्री जाणार असतील, आई-बाबा निवृत्त होऊन भारतभर फिरणार असतील, किंवा दोन-तीन भावंडांच्या घरांनी मिळून घेतली असेल, तरच हा आकडा पटण्याजोगा होतो.

म्हणून आमचा सल्ला पायरी-पायरीचा आहे. पहिली पायरी, आहे ती गाडी. मागची सीट पाडून गादी, एक तंबू, एक पेटी, पाण्याचा कॅन. गाडीला हात न लावता हे होतं. छतावरचा तंबू घेणार असाल तर छत किती वजन पेलतं ते गाडीच्या पुस्तिकेत आधी वाचा. दुसरी पायरी, भाड्याची कॅम्पर व्हॅन. एकदा थंडीत आणि एकदा पावसाळ्यात. दोन्ही वेळा घरचे सगळे सोबत हवेत, फक्त मित्र नव्हेत. या दोन्हीनंतरही घरातल्या प्रत्येकाला पुन्हा जावंसं वाटलं, तर तिसरी पायरी खरेदीची. त्यातही पाच माणसांच्या, आजी-आजोबा असलेल्या मराठी घराला मध्यम लांबीची कॅम्पर व्हॅन सगळ्यात सोयीची. दोघं-तिघं धडधाकट आणि वाट कच्ची असेल तर ट्रक कॅम्पर. एकाच मोठ्या प्लॉटवर किंवा शेतावर महिनोन् महिने उभं करायचं असेल, तर ट्रेलर.

गाडी थांबणार कुठे?

गाडीची निवड आपल्या हातात आहे. थांबायची जागा मात्र एकट्या कुटुंबाच्या हातात नाही, आणि घोडं इथेच अडतं. सरकारने धोरण केलं त्यात गाड्यांबरोबर कॅरव्हॅन पार्कचाही विचार आहे. पण कुटुंबाला रात्री दहा वाजता गरज असते ती चार गोष्टींची : सपाट जागा, उजेड, पाण्याचा नळ आणि टाकी रिकामी करायची सोय. महामंडळाची रिसॉर्टं, एसटीची मोठी आगारं, तालुक्याच्या गावची विश्रामगृहं, यांच्या आवारात चार-चार गाड्यांपुरती ही व्यवस्था झाली तरी चित्र बदलेल. गावागावांतल्या शेतकऱ्यांना यातून चार पैसे मिळतील ते वेगळंच. पर्यटन खात्याने घोषणेइतकाच उत्साह नळ आणि ड्रेनेजमध्ये दाखवावा, एवढीच मागणी.

तोवर आपणही काही पथ्यं पाळू. कासच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम असतो. एका चाकाची चाकोरी फुलांचा पुढचा हंगाम खाते. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, तिथे वाळूत गाडी आणि रात्री लखलखाट नको. नदीच्या पात्रात, धरणाच्या खालच्या बाजूला, पावसाळ्यात डोंगराच्या कुशीत मुक्काम नको. २०१४चं माळीण आणि २०२३ची इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. गावात थांबायचं तर आधी विचारायचं, स्पीकर बंद ठेवायचा, निघताना जागा होती तशी ठेवायची. गावच्या लोकांसाठी तो ‘स्पॉट’ नसतो, त्यांचं अंगण असतं. उसाच्या फडाजवळ पालं दिसली तर मोबाइल काढून रील करू नका. तेही कुणाचं तरी घरच आहे.

तर मंडळी, या शनिवारी एवढंच करा. ग्रुपवरच्या त्या चर्चेत वर जा, आईचा मेसेज शोधा आणि त्याला उत्तर द्या. नीट, सविस्तर. उत्तर सापडलं, तर कोणती गाडी घ्यायची हेही बरंचसं ठरलेलं असेल.